बारा बैलांच्या गाडीतला दगड

शहाद्याजवळच्या पुरुषोत्तमनगरात गळीत हंगाम सुरू झाला, की उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्यांच्या रांगांपुढे दुसऱ्या कशाकडे कोणाचे लक्ष जात नाही. पण साखर कारखाना नुसत्या उसावर चालत नाही, त्याला चुनाही लागतो. चरकातून आलेला रस मुळात गढूळ असतो. तो तापवून त्यात चुना कालवलेले पाणी आणि गंधकाचा धूर सोडला, की गाळ खाली बसतो आणि निवळलेला रस पुढे पाकाला जातो. हा चुना म्हणजे भट्टीत भाजलेला चुनखडक. तो बाहेरूनच आणावा लागतो, कारण इथे वर तापी-गोमाईचा गाळ आणि काळी माती, आणि तिच्याखाली बेसाल्टचा काळा पाषाण. मातीत चुनखडीचे खडे सापडतात तेवढेच, आणि ते फार झाले की उसावर केवडा पडतो. चुनखडी, चुनखडक आणि संगमरवर ही तिन्ही एकाच खनिजाच्या घरातली. त्या खनिजाचे नाव कॅल्साइट. यांपैकी संगमरवर हा घरातला सोसलेला भाऊ. जमिनीच्या पोटात तो भाजला गेला, दाबला गेला, वाकवला गेला. आणि आपल्यावर कोणत्या दिशेने किती जोर आला, हे त्याच्या कणाकणांत रेघा होऊन राहिले. त्या रेघा वाचायला माणसाला साधारण तीनशे वर्षे लागली. आपण त्या तीनशे वर्षांच्या वाटेने जाऊ. वाट सुरू होते ती आपल्याच खानदेशाच्या रस्त्यावर.

सतराव्या शतकात सुरतेहून दख्खनेत उतरणारा व्यापारी नवापूरला मुक्काम करी. आज नंदुरबार जिल्ह्यात असलेले हे गाव तेव्हा दोन वाटांचा फाटा होते. एक वाट नंदुरबार, थाळनेर, चोपडा करत बुऱ्हाणपूरला जाई. दुसरी पिंपळनेरवरून दौलताबाद-औरंगाबादेकडे आणि पुढे गोवळकोंड्याला. झाँ बातिस्त ताव्हेर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या या दोन्ही वाटांनी हिंडला आणि १६७६ मध्ये पॅरिसला छापलेल्या प्रवासवर्णनात त्याने नवापूरच्या बारीक, सुवासिक तांदळाची तोंड भरून स्तुती केली. त्याच ग्रंथात औरंगाबादचे वर्णन करताना तो सांगतो, की सुरतेहून गोवळकोंड्याला जाताना औरंगाबादपासून पाच मजलांवर त्याला पांढऱ्या संगमरवराने लादलेल्या तीनशेहून अधिक गाड्या भेटल्या, आणि त्यांतल्या सर्वांत लहान गाडीलाही बारा बैल जुंपलेले होते. तो दगड चालला होता औरंगजेबाची बेगम दिलरास बानू हिच्या कबरीसाठी, म्हणजे आपण ज्याला बीबी का मकबरा म्हणतो त्या इमारतीसाठी. बेगम १६५७ मध्ये वारली आणि मकबरा १६६०-६१ च्या सुमारास उभा राहिला. दगड लाहोरच्या बाजूचा, असे ताव्हेर्नियेला कोणीतरी सांगितले. जवाहिऱ्या असूनही इथे तो फसला. दगड राजस्थानातल्या खाणींचा होता. पैशाची ओढाताण अशी, की घुमट आणि भिंतींचा खालचा पट्टा तेवढा संगमरवरी झाला, बाकी काम चुन्याच्या गिलाव्यावर भागले. एकाच इमारतीत कॅल्साइटचे दोन जन्म शेजारी शेजारी आले. भट्टीत भाजलेला आणि हवेत पुन्हा घट्ट झालेला तो गिलावा, आणि भूगर्भात दाबून भाजलेला तो घुमट.

गाड्या हाकणाऱ्यांना त्या दगडाच्या आत काय लिहिले आहे याची कल्पना नव्हती, आणि जगात दुसऱ्या कोणालाही नव्हती. पण मकबऱ्याला दहा वर्षे होतात न होतात तोच, १६६९ मध्ये, कोपनहेगनचा प्राध्यापक रास्मुस बार्थोलिन याने एक छोटे पुस्तक छापले. आइसलँडहून आलेला काचेसारखा स्वच्छ स्फटिक कागदावर ठेवला, की खालचे अक्षर एकाऐवजी दोन दिसते, एवढाच त्याचा विषय. स्फटिक फिरवला तर एक अक्षर जागेवर राहते आणि दुसरे त्याच्याभोवती फिरते. तो स्फटिक म्हणजे आइसलँड स्पार, अर्थात शुद्ध कॅल्साइट. योगायोग पाहा, याच १६६९ साली बार्थोलिनच्या भावाचा शिष्य निकोलस स्टेनो याने फ्लॉरेन्सला आपला ग्रंथ छापला आणि स्फटिकाच्या बाजू लहानमोठ्या झाल्या तरी त्यांच्यातले कोन बदलत नाहीत, या नियमाचा पाया घातला. एका वर्षात, एकाच विद्यापीठाच्या गोतावळ्यातून, कॅल्साइट वाचायची दोन साधने मिळाली. एक प्रकाशाचे, एक कोनाचे. दोघांना एकमेकांशी जोडायला मात्र आणखी दीडशे वर्षे जावी लागली.

आइसलँड स्पार कुठे सापडतो, हे इथेच सांगून ठेवतो. सर्वांत प्रसिद्ध खाण पूर्व आइसलँडमधल्या हेल्गुस्तादिरची, आणि तिचा खडक बेसाल्ट. लाव्हा थिजल्यावर उरलेल्या पोकळ्यांत गरम पाण्याने तो स्फटिक सावकाश, मोकळ्या जागेत वाढवला. त्याच्यावर कोणी बसले नाही, त्याला कोणी रेटले नाही, म्हणून तो निर्मळ राहिला. आपल्या दख्खनच्या बेसाल्टातही अशाच पोकळ्या आहेत. विहीर खणताना किंवा खडी फोडताना त्यांतून झिओलाइट, क्वार्ट्झ आणि कॅल्साइट निघतात. आपण सगळ्यांना सरसकट गारगोटी म्हणून मोकळे होतो. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात मांडलेले नमुने याच कुळीचे.

ख्रिस्तियान हायगेन्सने १६९० मध्ये प्रकाशावरचा ग्रंथ छापला, त्यात या दुहेरी अक्षराचा उलगडा होता. स्फटिक अतिसूक्ष्म, चपट्या गोळ्यांच्या शिस्तशीर रचनेचा असावा आणि म्हणूनच तो ठरावीक प्रतलांवरच फुटतो, असाही त्याचा अंदाज होता. अणूचा पत्ता नसताना केलेला हा अंदाज मला आजही थक्क करतो. पुढे फ्रान्समध्ये रने झ्युस्त हाय् या पाद्र्याच्या हातून मित्राच्या संग्रहातला कॅल्साइट निसटून फुटला आणि प्रत्येक तुकडा त्याच तिरक्या समचौकोनी ठोकळ्याच्या आकाराचा निघाला, अशी आख्यायिका सांगतात. आख्यायिका खरी असो नसो, १७८४ चा त्याचा ग्रंथ खरा आहे आणि स्फटिकशास्त्र तिथून उभे राहिले. १८०८ मध्ये एत्येन मालूसने सायंकाळी लक्झेंबर्ग प्रासादाच्या खिडकीवरून परावर्तित झालेले ऊन अशाच स्फटिकातून पाहिले, तेव्हा स्फटिक फिरवताना दोनांपैकी एक प्रतिमा फिकी पडत गेली. परावर्तित प्रकाशातही या स्फटिकातून निघालेल्या किरणांसारखाच गुण असतो हे त्याला कळले, आणि ध्रुवण हा शब्द शास्त्रात आला.

दरम्यान एडिंबरोला दगडाच्या बाजूनेही काम चालले होते. संगमरवर म्हणजे तापलेला चुनखडक, हे जेम्स हटनचे म्हणणे. विरोधक विचारत, की तापवल्यावर चुनखडकाचा चुना होतो, हे चुनेभट्टीवरचे पोर सांगेल. मग संगमरवर कसा होईल? हटनचा स्नेही सर जेम्स हॉल याला यावर प्रयोग करायचा होता, पण असल्या प्रयोगांवर हटनचा विश्वास नव्हता. हॉल थांबला. १७९७ मध्ये हटन वारल्यावर त्याने बंदुकीच्या नळ्यांत खडूची भुकटी ठासून, तोंडे बंद करून त्या भट्टीत घातल्या. कित्येक नळ्या फुटल्या, पण शेकडो प्रयोगांनंतर काहींतून कठीण, रवाळ, संगमरवरासारखा दगड बाहेर आला. कोंडलेला वायू पळू शकला नाही, म्हणून दगडाचा चुना झाला नाही. १८१२ मध्ये हे प्रयोग छापून आले. पुरुषोत्तमनगरला येणारा चुना आणि मकबऱ्यासाठी गेलेला संगमरवर यांच्यातला भेद तो एवढाच: एकाची भट्टी उघडी होती, दुसऱ्याची बंद.

त्याच एडिंबरोत १८२८ मध्ये विल्यम निकोलने आइसलँड स्पारचा स्फटिक तिरका कापला आणि कॅनडा बाल्समने पुन्हा चिकटवला. आत शिरलेल्या दोन किरणांपैकी एक त्या सांध्यावर बाजूला फेकला जाई आणि एकच पार होई. हाच निकोल प्रिझम. निकोल दगड घासून पारदर्शक पापुद्रेही बनवी, पण या दोन विद्यांची सांगड त्याने घातली नाही. ती घातली शेफील्डच्या हेन्री क्लिफ्टन सॉर्बीने. पोटापाण्याची चिंता नसलेल्या या गृहस्थाने १८४९ पासून खडकांचे पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली घालायला सुरुवात केली. डोंगर सूक्ष्मदर्शकाने पाहता येत नाहीत, म्हणून समकालीनांनी त्याची थट्टा केली. १८५६ मध्ये डेव्हनशायरच्या चुनखडकावर लिहिताना त्याने दाखवले, की दगडातले जीवाश्म दाबाने चपटे झाले आहेत आणि त्यांच्या चपटेपणावरून दगड किती दबला ते काढता येते. दगडाने सोसलेले मोजायची गोष्ट इथे आकड्यांवर आली. या सगळ्यात एक गंमत आहे, ती मला फार मोलाची वाटते. दाबलेला कॅल्साइट वाचायला जो चष्मा लागला, तो न दाबलेल्या कॅल्साइटचा होता. बेसाल्टच्या पोकळीत निवांत वाढलेल्या स्फटिकाने संगमरवराची कर्मकहाणी उघड केली. १९३० च्या दशकात पोलरॉइडचे पत्रे आले तोवर, म्हणजे जवळजवळ शंभर वर्षे, खडक पाहणाऱ्या सूक्ष्मदर्शकात निकोल प्रिझमच असत, आणि ते बहुतेक आइसलँडच्या स्फटिकाचे.

बार्थोलिनच्या पुस्तकाला दोनशे वर्षे झाली त्या १८६९ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या विल्यम ब्लॅनफर्डचा तापी आणि खालच्या नर्मदेच्या खोऱ्यांवरचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. आपल्या भागाच्या दगडांची ही पहिली नीट हजेरी. या मुलखालाही ताण पडला आहे, पण तो कॅल्साइटमध्ये लिहिलेला नाही. तो दिसतो नंदुरबार-धुळ्याच्या माळांवर भिंतींसारख्या उभ्या राहिलेल्या बेसाल्टच्या डाइकमध्ये. साधारण पूर्व-पश्चिम धावणाऱ्या या भिंती सांगतात, की सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमीन उत्तर-दक्षिण ताणून फाटत होती आणि फटींत लाव्हा भरत होता.

आता मुख्य रेघेकडे येऊ. संगमरवराच्या पातळ छेदात प्रत्येक कणावर समांतर, सरळ पट्ट्या दिसतात, एखाद्या कणावर दोन-तीन दिशांनी एकमेकींना छेदणाऱ्या. त्या जन्मजात की नंतर आलेल्या, हा प्रश्न होता. १८६७ मध्ये एडुआर्ड रॉइशने स्वच्छ स्पार दाबून त्यात अशा पट्ट्या उमटवून दाखवल्या. १८७९ मध्ये हाइनरिश बाउमहाउअरने तर भूगर्भाची गरजच ठेवली नाही. त्याने वापरली साधी सुरी. हा प्रयोग आपल्यालाही करता येतो. अंगठ्याएवढा स्वच्छ कॅल्साइटचा ठोकळा घ्यायचा, त्याच्या बोथट धारेवर सुरीचे पाते आडवे टेकवायचे आणि ठोकायचे नाही, नुसते सावकाश दाबत जायचे. घाई केली तर ठोकळा फुटतो. माझे दोन फुटले. तिसऱ्या वेळी पाते लोण्यात शिरावे तसे किंचित आत गेले आणि पात्याच्या एका अंगाचा कोपरा तुकडा न पडता जागच्या जागी कलला. मागे राहिली एक गुळगुळीत, आरशासारखी खाच. कललेला भाग बोटाने चाचपला तर तो तितकाच कठीण आणि तितकाच पारदर्शक. फक्त त्याची रचना मूळ स्फटिकाची आरशातली प्रतिमा झालेली. पत्त्यांची चवड तिरकी सरकवावी तसे अणूंचे थर एकमेकांवरून सरकलेले असतात. भूवैज्ञानिक याला यमलन म्हणतात, पट्टीला जुळी पट्टी.

यातली खुबी अशी, की हे सरकणे मनाला येईल तेवढे नसते. स्फटिकाची धार कलते ती सुमारे ३८ अंशांनीच, ना कमी ना जास्त. आणि पट्टीच्या जाडीच्या सुमारे ०.६९ पट एवढीच सरक होते. म्हणजे कणाचा दहावा हिस्सा जुळ्या पट्ट्यांनी व्यापला असेल तर त्या कणाची एकंदर सरक जवळजवळ ०.०७. मोजपट्टी कणाच्या अंगातच आहे. शिवाय स्फटिकाला त्या प्रतलावर एकाच दिशेने सरकता येते, उलट्या दिशेने नाही. त्यामुळे पट्टी दिसली की जोर कोणत्या बाजूने आला होता तेही कळते. आणि त्यासाठी लागणारा जोरही फार नाही. योग्य दिशेने दर चौरस सेंटीमीटरला शंभरेक किलो मिळाले की कॅल्साइट मान टाकतो.

१९०१ मध्ये छापलेल्या प्रयोगांत माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात फ्रँक अ‍ॅडम्स आणि जॉन निकोल्सन यांनी इटलीतल्या कराराच्या संगमरवराचे दंडगोल लोखंडी नळ्यांत घट्ट बसवून दाबले. नळी फुगली तसा दगडही पिंपासारखा फुगला. थंड असताना दाबलेल्या दगडात कण चुरडलेले दिसले. ३०० अंशांना दाबलेल्यात चुरा नव्हता, कण जुळ्या पट्ट्यांनी भरून सरकले होते. दगड वाहतो, हे वाक्य अलंकार न राहता निरीक्षण झाले. दहा वर्षांनी थिओडोर फॉन कार्मान याने हाच करारा संगमरवर द्रवाच्या दाबात कोंडून ते नेमक्या आकड्यांत बसवले. पुढे विमाने आणि अग्निबाण यांच्या शास्त्रात गाजलेला कार्मान तो हाच.

या विद्येला महाराष्ट्रात खरे घर मिळते ते नागपूरच्या उत्तरेला. जबलपूरच्या हमरस्त्याने मनसर सोडले, की चोरबावली, देवलापार ही रामटेक तालुक्यातली गावे लागतात. दोन्हीकडे सागाचे जंगल, आणि ओढ्यांत उघडे पडलेले गुलाबी-पांढरे संगमरवराचे पट्टे. हा सौसर गटाचा खडक. साधारण शंभर कोटी वर्षांपूर्वी भूखंडांच्या रेटारेटीत तो भाजला आणि घडीघडीने दुमडला गेला. आधी लुइस फर्मर इथे मँगनीजच्या मागे आला. १९०९ चा त्याचा मँगनीजवरचा जाडजूड ग्रंथ आजही खाणवाल्यांच्या कपाटात सापडेल. त्याच्यामागून आला विल्यम डिक्सन वेस्ट. देवलापारच्या परिसराचा थरावर थर नकाशा करताना त्याच्या लक्षात आले, की इथला क्रम जागच्या जागी लागत नाही. जणू खडकांची एक अवाढव्य चादर दुसरीकडून सरकत येऊन या थरांवर पसरली आहे. आल्प्समध्ये अशा चादरी ओळखल्या गेल्या होत्या. भारतीय द्वीपकल्पाच्या अतिप्राचीन खडकांत, नागपूर जिल्ह्यात, ती आहे हे वेस्टने १९३६ मध्ये छापून सांगितले तेव्हा खळबळ उडाली, आणि देवलापारच्या चादरीवरचा वाद पुढच्या पिढ्यांनाही पुरला. वाद कसाही मिटो, अशा सरकण्यात सर्वांत आधी नमते घेतो तो संगमरवर. शेजारचा क्वार्ट्झाइट ताठ राहून फुटतो, संगमरवर वाकतो. वेस्ट पुढे सर्वेक्षणाचा संचालक झाला, आणि तिथून उतरल्यावर विलायतेला न परतता सागर विद्यापीठात भूविज्ञानाचा विभाग उभा करत राहिला. १९९४ मध्ये तो सागरलाच वारला.

न्यूझीलंडमधून बर्कलीला गेलेल्या फ्रान्सिस टर्नरने १९५३ मध्ये पट्ट्यांवरून दाबाची दिशा काढायची रीत बसवली. प्रत्येक कणासाठी, ज्या दिशेने दाबले असता ही पट्टी सर्वांत सहज उमटेल ती दिशा काढायची. शेकडो कणांच्या दिशा एका वर्तुळावर मांडल्या की त्या एका ठिकाणी गर्दी करतात. रिचर्ड ग्रोशाँगने १९७२ मध्ये दिशेबरोबर ताणाचे मापही काढून दिले. पुढे पट्टीच्या जाडीचाही अर्थ लागला. सुमारे २०० अंशांच्या खाली बारीक, केसासारख्या पट्ट्या जास्त उमटतात. त्याच्या वर त्या जाड होत जातात आणि आणखी तापले की वाकड्या होतात. उत्तर अमेरिकेत तर अ‍ॅपलेशियन पर्वतापासून शेकडो किलोमीटर आत, डोळ्यांना अगदी सपाट दिसणाऱ्या चुनखडकातही त्या पर्वताच्या रेट्याची दिशा सापडली.

इथे थोडा आवर घालायला हवा. स्फटिकाच्या स्मृतीचे फार कौतुक होते, पण ती स्मृती पुसली जाते. फार तापलेल्या संगमरवरात जुने कण विरघळल्यासारखे होऊन नवे, कोरे कण वाढतात, आणि मोठ्या घडामोडीची नोंद त्यात नाहीशी होते. आपल्याला दिसतात त्या पट्ट्या बहुधा शेवटच्या, थंड होत आलेल्या काळातल्या रेट्याच्या असतात. जबलपूरजवळच्या नर्मदाकाठच्या भेडाघाटचे पांढरे कडे पाहून तीच रेघ शोधणाऱ्यानेही सावध राहावे. तिथला संगमरवर मुख्यतः डोलोमाइट या वेगळ्या खनिजाचा आहे, आणि डोलोमाइटचे यमलन निराळ्या प्रतलावर, निराळ्या नियमांनी चालते. हीच नर्मदा पुढे आपल्या नंदुरबार जिल्ह्याची उत्तर सीमा होते, म्हणून हा उल्लेख.

आज खानदेशातल्या गावोगावच्या देवळांत मकराण्याची फरशी आहे. २०१९ मध्ये मकराण्याच्या संगमरवराला जागतिक वारसा-दगडाची मान्यता मिळाली, आणि दगड आता ट्रकने दोन-तीन दिवसांत येतो. देवळाचे काम चालू असेल तर मिस्त्रीने टाकलेला एखादा ताजा फुटका तुकडा उचला. पॉलिश केलेली बाजू नको, फुटलेली घ्या. ती उन्हात सावकाश फिरवा. एकेक कण आरशासारखा चमकून विझेल. मग दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून त्या चमकत्या कणावरच्या समांतर बारीक रेघा पाहा. आणि जाताना खिशात लिंबू ठेवा. दोन थेंबांनी फेस आला तर कॅल्साइट. नाही आला, तर मिस्त्रीने देवस्थानाला दुसरेच काहीतरी लावले आहे.